टेबलात बारावे, तरी कप यांचाच: क्रिस्टल पॅलेसने २०२५ चा एफए कप कसा जिंकला

१७ मे २०२५ च्या संध्याकाळी आमच्याकडे टीव्हीवर आयपीएल लावून ठेवलेलं होतं, मधे थांबलेली स्पर्धा त्याच दिवशी परत सुरू होणार होती पण बेंगळुरूचा पाऊस काही थांबेना, शेवटी भाच्याने कंटाळून रिमोट माझ्या हातात दिला. नऊ वाजता लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर एफए कपची फायनल सुरू झाली, मँचेस्टर सिटी विरुद्ध क्रिस्टल पॅलेस. पोरगं क्रिकेटवर वाढलेलं. त्याने फोनवर प्रीमियर लीगचं टेबल उघडलं, वरून खाली बोट फिरवत आणलं आणि म्हणाला, "मामा, हे पॅलेसवाले तर बाराव्या नंबरवर आहेत, मग हे फायनलला आले कसे?"

अकरा वाजून गेले आणि पॅलेस १-० ने जिंकले तेव्हा त्याचा दुसरा प्रश्न आला, की मग आता चॅम्पियन कोण? आणि जुलैत जेव्हा बातमी आली की कप जिंकूनही पॅलेसला युरोपा लीग खेळता येणार नाही, तेव्हा तर त्याने मला फोनच केला. त्याला जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतोय, कारण इंग्लिश फुटबॉल नव्याने बघणाऱ्या बऱ्याच जणांचं इथेच अडतं.

तर पहिली गोष्ट, लीग वेगळी आणि कप वेगळा, चॅम्पियन म्हणायचं ते लीग जिंकणाऱ्याला. प्रीमियर लीगमध्ये २० क्लब, प्रत्येकजण प्रत्येकाशी दोनदा खेळणार, एकदा घरी एकदा त्यांच्याकडे, म्हणजे ३८ मॅचेस, ऑगस्ट ते मे. तिथे एखादा दिवस वाईट गेला तरी भरून काढता येतो, आणि ज्याच्याकडे पैसा जास्त, चांगले खेळाडू जास्त, तो नऊ महिन्यांच्या शेवटी वर असतोच बहुतेक वेळा. एफए कपचं तसं नाही, तिथे कुस्तीच्या फडासारखं आहे, एकदा पाठ लागली की घरी. हा कप इंग्लंडची फुटबॉल संघटना म्हणजे एफए भरवते, १८७१-७२ पासून, फुटबॉलमधली सगळ्यात जुनी स्पर्धा हीच. आणि यात फक्त मोठे क्लब नसतात, गावपातळीवरचे, ज्यांचे खेळाडू दिवसा नोकरी करून संध्याकाळी सराव करतात असले क्लब पण असतात, सगळे मिळून सातशेच्या वर. ऑगस्टपासून खालच्या क्लबांच्या पात्रता फेऱ्या सुरू होतात, गळत गळत जानेवारीपर्यंत २० उरतात आणि तेव्हा तिसऱ्या फेरीत वरच्या दोन डिव्हिजनचे ४४ क्लब येऊन मिळतात. ६४ झाले. तिथून फायनल धरून सहा मॅच जिंकल्या की कप तुमचा.

कोण कोणाशी खेळणार हे कसं ठरतं, तर सरळ ड्रॉ काढून. भांड्यात नंबरचे गोळे, हात घालायचा आणि काढायचा, जो आधी निघेल त्याच्या मैदानावर मॅच. मोठ्यांना सुरुवातीला एकमेकांपासून लांब ठेवायची सोय नाही. त्यामुळे दोन तगडे क्लब जानेवारीतच एकमेकांना भिडू शकतात आणि तिसऱ्या डिव्हिजनमधल्या कुणाला नशिबाने मोकळी वाट मिळू शकते.

आधी अजून एक पद्धत होती, मॅच बरोबरीत सुटली तर रिप्ले, म्हणजे दुसऱ्या टीमच्या मैदानावर परत पहिल्यापासून मॅच. २०२४-२५ पासून मुख्य फेऱ्यांमधले रिप्ले बंद केले, आता त्याच दिवशी एक्स्ट्रा टाइम, म्हणजे आणखी अर्धा तास खेळ, आणि मग पेनल्टी. मला हे पटलेलं नाही. एखाद्या छोट्या क्लबने मोठ्याला घरी बरोबरीत रोखलं की त्यांना दुसरी मॅच मोठ्या स्टेडियममध्ये मिळायची आणि तिकिटांचा वाटा मिळायचा, कित्येकांचं वर्षभराचं भागायचं त्यात.

आता पैशाचं बोलतोच आहोत तर हे पण ऐका. फायनल जिंकल्याचं बक्षीस २० लाख पौंड. ऐकायला भरपूर वाटतं, पण प्रीमियर लीगमध्ये टेबलात नुसती एक पायरी वर सरकलात तरी त्याहून जास्त मिळतात, आणि खाली घसरून लीगच्या बाहेर पडलात तर नुकसान दहा कोटींच्या घरात जातं. म्हणून मधल्या फळीतले बरेच क्लब कपच्या मॅचला मुख्य खेळाडू बसवून ठेवतात. याचं टोक बघायचं असेल तर विगन बघा, २०१३ साली त्यांनी याच सिटीला हरवून हाच कप जिंकला आणि तीनच दिवसांनी आर्सेनलकडून हरून ते प्रीमियर लीगमधून खाली गेले. एका आठवड्यात दोन्ही.

पॅलेसचा सीझन पण सुरुवातीला त्याच वाटेने चाललेला. उन्हाळ्यात मायकल ओलिसे बायर्न म्युनिकला गेला, बचावातला योआकिम अँडरसन फुलहॅमला, आणि लीगच्या पहिल्या आठ मॅचेसमध्ये एकही विजय नाही, फक्त तीन पॉइंट. मॅनेजर ऑलिव्हर ग्लासनर, ऑस्ट्रियाचा माणूस, त्याने २०२२ मध्ये आयन्ट्राख्ट फ्रँकफर्टला युरोपा लीग जिंकून दिलेली, पण इंग्लंडमध्ये असली सुरुवात झाली की मॅनेजरची खुर्ची डगमगायला लागते. क्लबने त्याला हलवलं नाही. ऑक्टोबरच्या शेवटी टॉटनमला हरवलं तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

कपची वाट थोडक्यात सांगतो. तिसऱ्या फेरीत स्टॉकपोर्टला १-०, चौथ्या फेरीत डॉनकॅस्टरला त्यांच्या घरी २-०, दोन्ही खालच्या डिव्हिजनचे क्लब. पाचव्या फेरीत मिलवॉल, हे साउथ लंडनमधलेच शेजारी, त्यामुळे हाडवैर. उपांत्यपूर्व फेरीत फुलहॅमला त्यांच्या मैदानावर ३-०, सेमीत वेम्बलीवर अ‍ॅस्टन व्हिलाला ३-०. फायनल धरून सहा मॅचमध्ये १३ गोल केले आणि खाल्ला फक्त एक. एकदाही एक्स्ट्रा टाइमपर्यंत जावं लागलं नाही.

मिलवॉलची मॅच मात्र दोन ओळींत संपवण्यासारखी नाही. १ मार्च २०२५, तारीख लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. मॅच सुरू होऊन जेमतेम सात-आठ मिनिटं झालेली, एक लांब बॉल आला, पॅलेसचा स्ट्रायकर ज्याँ-फिलिप मातेता त्याच्यामागे धावला आणि मिलवॉलचा गोलकीपर बॉल मारायला बॉक्सच्या, म्हणजे गोलसमोर आखलेल्या चौकोनाच्या, बाहेर धावत आला, पाय हवेत उंच, आणि बूट सरळ मातेताच्या डोक्याच्या बाजूला बसला. स्टेडियम गप्प झालं. ऑक्सिजन लावून, स्ट्रेचरवरून त्याला नेलं. रेफरीने आधी कार्ड काढलं नव्हतं, व्हिडिओ बघितल्यावर लाल कार्ड दिलं. मातेताच्या कानाला २५ टाके पडले. पॅलेस ३-१ ने जिंकले, पण त्या दिवशी स्कोअरकडे कोणाचं लक्ष होतं असं मला वाटत नाही. काही आठवड्यांनी तो डोक्याला संरक्षक पट्टा बांधून परत उतरला.

आणि फायनलच्या आधीचा महिना कसा गेला ते पण सांगायला हवं, कारण त्याशिवाय या विजयाचं वजन कळत नाही. १२ एप्रिलला लीगमध्ये याच सिटीच्या मैदानावर पॅलेस २-० ने पुढे होते आणि ५-२ ने हरले. चार दिवसांनी न्यूकॅसलने पाच मारले. पाच दिवसांत दहा गोल खाल्लेली टीम मे महिन्यात सिटीला एकही गोल करू देणार नाही असं कोणी सांगितलं असतं तर मी तरी विश्वास ठेवला नसता.

मग फरक काय पडला? भाच्याला मी चार वाट्या मांडून दाखवलं. ग्लासनरची तेव्हाची टीम कागदावर ३-४-२-१ अशी असायची, म्हणजे मागे तीन बचावपटू, मधे चार, त्यांच्या पुढे दोन आणि टोकाला एक स्ट्रायकर. पण बॉल समोरच्याकडे गेला की मधल्या चौघांपैकी कडेचे दोघे, उजवीकडे डॅनिएल मुन्योझ आणि डावीकडे टायरिक मिचेल, मागे येऊन उभे राहायचे, मागची रांग पाचची व्हायची आणि तिच्यापुढे चारची दुसरी रांग. सिटीला बॉल खेळवायला आवडतो, खेळवू दे, तीन चतुर्थांशाहून जास्त वेळ बॉल त्यांच्याच पायात होता त्या दिवशी. पण बॉक्सच्या समोरची जागा बंद. मग सिटी कडेने जाणार, तिथून क्रॉस, म्हणजे गोलसमोर आडवा बॉल, टाकणार आणि मधे गुएही, लाक्रोआ, रिचर्ड्स हे तिघे बचावपटू उभेच आहेत डोक्याने बाहेर काढायला. हे बघायला सोपं वाटतं हो, पण दीड-दोन तास एकाचंही लक्ष उडून चालत नाही, एकाने दोन पावलं चुकीची टाकली की भगदाड पडतं.

आणि बॉल मिळाला की मात्र वेळ घालवायचा नाही. सोळाव्या मिनिटाचा गोल बघा, मी तो इतक्यांदा बघितलाय की डोळे मिटून सांगू शकतो. बॉल पॅलेसच्या बॉक्सजवळून थेट वर मातेताकडे, तोच तो टाके पडलेला, त्याने पाठीवर बचावपटू घेऊन बॉल धरला आणि सोडला, उजव्या कडेने मुन्योझ मोकळा सुटला, त्याने मान वर करून एकदा बघितलं आणि आडवा क्रॉस टाकला, आणि मधे एबेरेची एझे. बॉल जमिनीवर स्थिरावायची वाट न बघता त्याने आला तसा आत वळवला. आपल्या बॉक्सपासून त्यांच्या जाळ्यापर्यंत काही सेकंदांचं काम. तोपर्यंत सिटीने पॅलेसला श्वास घेऊ दिला नव्हता. हा एझे लंडनचाच पोरगा, तेराव्या वर्षी आर्सेनलच्या अकादमीने सोडून दिलेला, नंतर आणखी दोन-तीन क्लबांनी नको म्हटलेला.

मग दोन प्रसंग आले ज्यांवर अजून वाद चालू आहे. एक, पॅलेसचा गोलकीपर डीन हेंडरसन बॉक्सच्या बाहेर येऊन सिटीचा स्ट्रायकर हालांड याच्या पुढचा बॉल हाताने ढकलून बसला. गोलकीपरला हात फक्त बॉक्सच्या आत चालतो, मग लाल कार्ड का नाही? नियम असा, की लाल कार्डसाठी नुसता हात लागून पुरत नाही, समोरच्याची गोलची उघड संधी हिरावली गेली पाहिजे, आणि ते ठरवताना बॉल कुठल्या दिशेने चाललाय, गोल किती लांब आहे, खेळाडूच्या ताब्यात बॉल येणार होता का, मधे बचावपटू किती, हे सगळं बघतात. व्हीएआरच्या, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीला मदत करणाऱ्यांच्या, खोलीत बसलेल्यांनी म्हटलं की बॉल गोलपासून बाहेरच्या बाजूला चाललेला, म्हणून उघड संधी नाही. मग निदान फ्री किक तरी? तर व्हीएआरला फ्री किक किंवा पिवळ्या कार्डासाठी मधे पडायचा अधिकारच नव्हता, तेव्हाच्या नियमाने तो फक्त गोल, पेनल्टी, सरळ लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड दिलं असेल तर एवढ्याचसाठी बोलू शकायचा. त्यामुळे मैदानावरच्या रेफरीने पाहिलं नाही म्हटल्यावर काहीच झालं नाही. मी पॅलेसच्या बाजूने बघत होतो तरी सांगतो, लाल कार्ड निघालं असतं तर तक्रार करायला जागा नव्हती.

दुसरा प्रसंग लगेच, ३६ व्या मिनिटाच्या आसपास. मिचेलने सिटीच्या बर्नार्डो सिल्व्हाला पाडलं, पेनल्टी. सगळ्यांना वाटलं हालांड मारणार, त्याने बॉल उचलून जोडीदार ओमर मारमूशच्या हातात दिला, आणि हेंडरसनने बरोबर बाजूला झेप घेऊन ती अडवली. भाचा सोफ्यावरून उठून उभा राहिला, ज्याला तासाभरापूर्वी पॅलेस हे नाव पण माहीत नव्हतं. दुसऱ्या हाफमध्ये कॅप्टन मार्क गुएहीला दुखापतीमुळे बाहेर जावं लागलं, शेवटी रेफरीने मधे वाया गेलेल्या वेळेची दहा मिनिटं वाढवून दाखवली, आणि ती दहा मिनिटं संपता संपत नव्हती.

घोडं गंगेत न्हालं म्हणतात ना, तसं झालं. क्लबची स्थापना १९०५ ची आणि मोठा म्हणावा असा हा पहिलाच कप. नाव पॅलेस कसं पडलं तेही सांगतो. १८५१ साली लंडनमध्ये जागतिक प्रदर्शनासाठी काचेची अवाढव्य इमारत उभी केली होती, ज्यात आपल्याकडून गेलेला कोहिनूरही मांडलेला, ती नंतर साउथ लंडनमध्ये हलवली आणि तिच्या आवारात मैदान झालं. १८९५ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत एफए कपच्या फायनल तिथेच व्हायच्या. क्लब त्याच मैदानावर जन्मला. म्हणजे ज्याच्या अंगणात दरवर्षी कप दुसऱ्याला दिला जायचा, त्या क्लबला तो हातात यायला १२० वर्षं लागली.

मधे दोनदा अगदी जवळ गेले होते. १९९० मध्ये सेमीत लिव्हरपूलला ४-३ ने हरवलं, आणि हे तेच लिव्हरपूल ज्यांनी त्याच सीझनमध्ये पॅलेसला ९-० ने धुतलं होतं. फायनलला मँचेस्टर युनायटेडशी ३-३ बरोबरी, मग रिप्ले, त्यात ०-१ हार. त्या रिप्लेची तारीख होती १७ मे. २०१६ मध्ये परत फायनल, परत युनायटेड, ७८ व्या मिनिटाला पॅलेसचा गोल, तीन मिनिटांत बरोबरी, आणि एक्स्ट्रा टाइममध्ये हार. त्याच्या आधी २०१० साली तर क्लब दिवाळखोरीत निघालेला, स्टीव्ह पॅरिश आणि आणखी काही श्रीमंत पाठीराख्यांनी मिळून विकत घेतला म्हणून वाचला.

फायनलच्या दिवशी पॅलेसच्या लोकांनी स्टँडवर एक प्रचंड चित्र उलगडलं, त्यात खेळाडू नव्हता, राजा नव्हता, एक बाप होता आणि त्याला बिलगलेली त्याची दोन मुलं. खऱ्या पाठीराख्यांच्या जुन्या फोटोवरून केलेलं. ते वडील कप बघायला राहिले नाहीत. ज्यांच्या घरी क्लब बापाकडून मुलाकडे जातो त्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. आणि कप उचलताना गुएहीने सोबत जोएल वॉर्डला घेतलं, तेरा वर्षं त्या क्लबमध्ये राबलेला, त्या दिवशी मैदानावर एक मिनिटही न उतरलेला माणूस.

आता भाच्याचा तिसरा प्रश्न, युरोपाचा. युरोपात क्लबांच्या तीन स्पर्धा आहेत, वर चॅम्पियन्स लीग, मधे युरोपा लीग, खाली कॉन्फरन्स लीग. एफए कप जिंकणाऱ्याला युरोपा लीगची जागा मिळते, टेबलात कितवे का असेना. पॅलेस शेवटी बारावेच राहिले, पण जागा मिळवली.

अडलं ते मालकीवर. युएफाचा, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचा, नियम आहे की एकाच माणसाचा निर्णायक प्रभाव असलेले दोन क्लब एका स्पर्धेत खेळू शकत नाहीत. कारण उघड आहे, उद्या दोघे समोरासमोर आले तर निकालावर कोण विश्वास ठेवेल. जॉन टेक्स्टर नावाच्या अमेरिकन उद्योजकाच्या कंपनीकडे पॅलेसचे साधारण ४३ टक्के शेअर होते आणि फ्रान्सचा लिऑन क्लबही त्याच्याच हातात, आणि लिऑननेही युरोपा लीगची जागा मिळवलेली. पॅलेसचं म्हणणं होतं की शेअर ४३ टक्के असले तरी मताचा अधिकार २५ टक्केच, कारभार पॅरिश बघतो, लिऑनशी आमचा रोजचा काही संबंध नाही. टेक्स्टरने नंतर आपला हिस्सा वुडी जॉन्सन नावाच्या दुसऱ्या अमेरिकन उद्योजकाला विकून पण टाकला. पण मालकीची घडी बसवायची मुदत होती १ मार्च २०२५.

हो, तोच दिवस. मातेता मैदानावर पडला होता त्या दिवशी ही मुदत संपली. त्या दिवशी पॅलेसला कप जिंकायला अजून तीन मॅच बाकी होत्या, युरोप स्वप्नात पण नव्हतं. मला नियम बरोबर वाटतो, मनापासून वाटतो, पण लीगमधून येणाऱ्याला मार्चमध्ये अंदाज असतो तसा कपमधून येणाऱ्याला नसतो, आणि मुदत दोघांना एकच. क्लबच्या वरच्या मंडळींनी तरी हे आधी बघायला हवं होतं, तो दोष त्यांचा आहेच, पण शिक्षा झाली ती खेळाडूंना आणि स्टँडवरच्या लोकांना.

दोघांपैकी कोण राहणार हे लीगमधल्या क्रमांकावर ठरतं. लिऑन फ्रान्समध्ये सहावे, पॅलेस बारावे. मधे जूनमध्ये लिऑनला पैशाच्या गोंधळामुळे खालच्या डिव्हिजनमध्ये ढकललं होतं, तेव्हा वाटलं पॅलेसचा मार्ग मोकळा झाला, पण ९ जुलैला अपिलात ते परत आले आणि ११ जुलैला युएफाने पॅलेसला कॉन्फरन्स लीगमध्ये खाली टाकलं. तोंडचा घास गेला. युरोपा लीगची जागा नॉटिंगहॅम फॉरेस्टला मिळाली. पॅलेस क्रीडा लवादाकडे गेले. १० ऑगस्टला वेम्बलीवर कम्युनिटी शील्डमध्ये, म्हणजे लीग आणि कप जिंकणाऱ्यांच्या आपसातल्या मॅचमध्ये, त्यांनी लीगचे चॅम्पियन लिव्हरपूलला पेनल्टीवर हरवलं, आणि दुसऱ्याच दिवशी लवादाने अपील फेटाळलं.

२१ ऑगस्टला सेलहर्स्ट पार्कवर, पॅलेसच्या त्या जुन्या, दाटीवाटीच्या स्टेडियममध्ये, कॉन्फरन्स लीगच्या पात्रता फेरीसाठी नॉर्वेचे फ्रेड्रिकस्टाड आले. एझे टीममध्ये नव्हता, लहानपणी सोडून दिलेल्या आर्सेनलनेच त्याला परत बोलावून घेतलं होतं. पॅलेस १-० ने जिंकले. गोल मातेताचा. मी भाच्याला मेसेज टाकला तर त्याचं उत्तर आलं, "मामा, बघतोयच."